बंदर उरणला, कंटेनर मावळातून : बंदरं आणि जहाज वाहतुकीत काय बदलतंय, आपल्यासाठी त्यात काय?

वडगाव मावळ : मावळ तालुक्याला समुद्र नाही. तरीही एक्सप्रेस वेच्या कुठल्याही पुलावर पाच मिनिटं उभं राहिलं तर लाल, निळ्या, हिरव्या रंगाचे लांबलचक लोखंडी डबे घेऊन जाणारे ट्रेलर मोजता मोजता दमायला होतं. चाकण, तळेगाव, रांजणगावचा माल घाट उतरून उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे जातो आणि परदेशातून आलेला माल घाट चढून वर येतो. गेल्या दोन-तीन वर्षांत देशातली बंदरं, जहाजं आणि त्यांचे कायदे यात मोठे बदल झाले. त्याचा परिणाम घाटातल्या कोंडीवर, एमआयडीसीतल्या कामावर, शेतमालाच्या भावावर आणि बारावी झालेल्या पोरांच्या नोकरीवर होतो. त्या सगळ्याची ही एकत्र माहिती. जपून ठेवावी आणि गरजूंना पाठवावी.

मावळाचा समुद्राशी संबंध काय?

पहिला संबंध मतपेटीचा. २००९ पासून असलेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात मावळ, चिंचवड आणि पिंपरीसोबत घाटाखालचे पनवेल, कर्जत आणि उरण हे विधानसभा मतदारसंघही आहेत. केंद्र सरकारच्या महाबंदरांतलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर ज्या उरण तालुक्यात आहे, तिथला आणि आपला खासदार एकच.

दुसरा संबंध दोन हजार वर्षांचा. कार्ला, भाजे आणि बेडसे इथली लेणी उगाच या डोंगरांत कोरली गेली नाहीत. कोकणातल्या सोपारा, कल्याण या बंदरांतून देशावर येणारा व्यापारी मार्ग याच घाटाने वर चढायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये सोपाऱ्याच्या माणसाचं नाव आहे, व्यापारी आहेत आणि यवन म्हणजे परदेशी लोकही आहेत. पुढे १८६३ मध्ये याच घाटातून रेल्वे चढली आणि मुंबई बंदर देशाशी जोडलं गेलं. मालाचं रूप बदललं, वाट तीच राहिली.

तिसरा संबंध शिक्षणाचा. लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था १९४५ पासून युद्धनौकांच्या इंजिनांवर काम करणारे अधिकारी आणि जवान घडवते. इंदोरीला तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट आहे, टाकवे खुर्दला समुंद्रा इन्स्टिट्यूट आहे. व्यापारी जहाजांवर काम करणारी देशभरातली मुलं या दोन ठिकाणी शिकून जातात. विशेष म्हणजे यातली बरीच मुलं बिहार, उत्तर प्रदेश, केरळमधून येतात. कॅम्पस आपल्या शिवारात असूनही आपल्या गावांतल्या मुलांना तिथं नेमकं काय शिकवतात हे बऱ्याचदा ठाऊक नसतं.

जेएनपीए म्हणजे काय?

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. तेव्हाचं नाव जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट, म्हणजे जेएनपीटी. २०२१ चा महाबंदर प्राधिकरण कायदा आल्यावर ‘ट्रस्ट’ जाऊन ‘ऑथॉरिटी’ झालं आणि नाव जेएनपीए पडलं. जुने ड्रायव्हर अजूनही ‘जेएनपीटी’च म्हणतात.

इथं सगळ्यात जास्त चालतो तो कंटेनर. कंटेनर मोजायचं माप म्हणजे टीईयू. २० फूट लांब, ८ फूट रुंद असा एक डबा म्हणजे एक टीईयू. ४० फुटी डबा दोन टीईयू धरला जातो. २०२४-२५ या वर्षात जेएनपीएने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. म्हणजे सरासरी दिवसाला वीस हजार. देशातल्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या महाबंदरांत जेवढे कंटेनर येतात-जातात, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या न्हावा शेव्यात.

बंदर सरकारचं असलं तरी डबे उचलणं-ठेवणं आता खासगी कंपन्या करतात. जेएनपीए जमीन, समुद्रातली वाट, रस्ते आणि देखरेख सांभाळतं. टर्मिनल मात्र डीपी वर्ल्ड, एपीएम, सिंगापूरची पीएसए अशा कंपन्या चालवतात. याला ‘जमीनदार बंदर’ पद्धत म्हणतात. २०२२ मध्ये जेएनपीए पूर्णपणे या पद्धतीवर गेलं. ४ सप्टेंबर २०२५ रोजी पीएसएच्या टर्मिनलचा दुसरा टप्पा पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि सिंगापूरचे पंतप्रधान लॉरेन्स वोंग यांच्या हस्ते ऑनलाइन सुरू झाला. त्यामुळं त्या एका टर्मिनलची क्षमता दुप्पट होऊन वर्षाला ४८ लाख टीईयू झाली.

क्षमता वाढली म्हणजे जहाजातून जास्त डबे उतरणार. उतरलेले डबे रस्त्यानं किंवा रेल्वेनंच बाहेर जाणार. पुणे जिल्ह्याकडचे बहुतेक डबे रस्त्यानं येतात, आणि तो रस्ता आपल्या दारातून जातो.

तळेगावचा माल जहाजावर कसा चढतो?

समजा तळेगावच्या एका कारखान्यातून सुटे भाग जर्मनीला जायचे आहेत. आधी रिकामा कंटेनर कारखान्यात येतो. माल भरतात, दाराला सील लावतात. कस्टमकडे ‘शिपिंग बिल’ नावाचा कागद ऑनलाइन भरतात. काही माल थेट बंदराकडे निघतो. काही माल आधी आयसीडीला जातो. आयसीडी म्हणजे समुद्रापासून लांब असलेलं कंटेनर आगार, ज्याला लोक ‘कोरडं बंदर’ही म्हणतात. तिथं कस्टमची तपासणी आटोपते. चिंचवड, दिघी आणि तळेगाव इथं अशी आगारं आहेत.

त्यानंतर महत्त्वाची वेळ असते ती ‘कट-ऑफ’ची. जहाज सुटण्याच्या काही तास आधी बंदराचं गेट त्या जहाजासाठी बंद होतं. त्याआधी डबा आत गेला पाहिजे. घाटात ट्रेलर अडकला आणि कट-ऑफ चुकला तर डबा पुढच्या जहाजापर्यंत पडून राहतो. त्याचं भाडं चढतं, यार्डाचे पैसे चढतात आणि तिकडच्या गिऱ्हाईकाला उशीर होतो. घाटात जड गाड्या अडकल्या की वाहतूकदारांची का घालमेल होते, त्याचं कारण हे आहे. ड्रायव्हरची घाई कळते, पण उतारावर गिअर न्यूट्रल करून गाडी सोडण्यानं ब्रेक तापतात आणि जीव जातो, हेही तितकंच खरं.

बंदराकडच्या रस्त्यांचं काय चाललंय?

दोन कामं मावळाशी थेट संबंधित आहेत.

एक, मिसिंग लिंक. खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा नवा मार्ग. त्यात दोन बोगदे आहेत, त्यातला मोठा सुमारे ८.९ किलोमीटर लांब आहे, आणि टायगर व्हॅलीत उंच केबलचा पूल आहे. घाटातलं वळणावळणाचं अंतर यामुळं सुमारे सहा किलोमीटरनं कमी होतं.

दुसरं, पागोटे ते चौक महामार्ग. १९ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं या सहापदरी रस्त्याला मंजुरी दिली. लांबी २९.२ किलोमीटर, खर्च सुमारे ४,५०० कोटी रुपये. बंदराजवळच्या पागोटे गावापासून चौकपर्यंत हा रस्ता जाईल आणि एक्सप्रेस वेला जोडला जाईल. आज बंदरातून निघालेला ट्रेलर पळस्पे फाटा, कळंबोली आणि पनवेलच्या गर्दीत अडकतो. एक्सप्रेस वे गाठायलाच दोन-तीन तास जातात. नवा रस्ता झाला की ते टळेल, असा सरकारचा दावा आहे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खालचा रस्ता मोकळा झाला की डबे लवकर वर येतील. मग कोंडी उर्से टोलनाका, तळेगाव-चाकण रस्ता आणि सोमाटणे, वडगावच्या चौकांत दिसेल. तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकीवरून जाणारे कामगार आणि शाळेची पोरं आजही ट्रेलरच्या चाकाशेजारून वाट काढतात. बंदराचा रस्ता सहापदरी होताना गावातला रस्ता तसाच राहिला तर धोका फक्त जागा बदलेल. ग्रामसभेत आणि रस्त्याच्या सुनावणीत हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

वाढवण बंदर काय आहे?

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या वाढवणजवळ समुद्रात भराव टाकून नवं बंदर होतंय. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च ७६,२२० कोटी रुपये. जेएनपीएचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. पूर्ण झाल्यावर वर्षाला सुमारे २.३ कोटी टीईयू हाताळायची क्षमता असेल. म्हणजे जेएनपीएनं २०२४-२५ मध्ये केलेल्या कामाच्या तिप्पट.

न्हावा शेवा असताना दुसरं बंदर कशाला, असं कुणीही विचारेल. कारण आहे पाण्याची खोली. जहाज जेवढं मोठं, तेवढं ते पाण्यात खोल बसतं. न्हावा शेव्याला गाळ काढून काढून वाट खोल ठेवावी लागते. तिथं साधारण १५ मीटर खोल बसणारी जहाजं येतात. वाढवणला निसर्गतःच २० मीटरच्या आसपास खोली आहे. एका वेळी २४ हजार टीईयू नेणारी जगातली सगळ्यात मोठी जहाजं तिथं लागू शकतील.

सरकारच्या म्हणण्याप्रमाणे या बंदरामुळं थेट आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे दहा लाख रोजगार होतील. पण तिथले मच्छीमार, डायमेकर आणि बागायतदार अनेक वर्षं विरोध करत आहेत. भरावामुळं मासळीच्या पैदाशीची जागा जाईल, होड्यांच्या वाटा बंद होतील, ही त्यांची भीती आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली, उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये विरोधातल्या याचिका फेटाळल्या, तरी गावांमधला विरोध संपलेला नाही.

मावळाच्या दृष्टीनं जवळचं बंदर न्हावा शेवाच राहणार आहे. त्यामुळं वाढवण झालं म्हणून घाटातले ट्रेलर लगेच कमी होतील असं समजू नये.

केरळचं विझिंजम आणि कोलंबोचा प्रश्न

आपल्या देशाचा बराचसा माल आजवर एका जहाजातून थेट मुक्कामाला जात नव्हता. लहान जहाजानं तो कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियाच्या पोर्ट क्लांगला जायचा आणि तिथं मोठ्या जहाजावर चढायचा. एसटीनं स्वारगेटला जाऊन दुसरी गाडी पकडावी तसं. याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. देशाच्या अशा मालातला सुमारे पाऊण हिस्सा परदेशी बंदरांतच हाताळला जात होता. त्यात वेळ जातो आणि पैसाही बाहेर जातो.

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळचं विझिंजम बंदर याच कामासाठी उभं राहिलं. जुलै २०२४ मध्ये तिथं ‘सॅन फर्नांडो’ हे पहिलं मोठं कंटेनर जहाज आलं आणि २ मे २०२५ रोजी बंदराचं रीतसर उद्घाटन झालं. जून २०२५ मध्ये ‘एमएससी इरिना’ हे जगातल्या सर्वात मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एक जहाज तिथं लागलं. आता मोठी जहाजं भारताच्याच किनाऱ्याला थांबू लागली आहेत.

पाच कायदे बदलले

बंदरं आणि जहाजांचे आपले कायदे फार जुने होते. एक तर १८५६ सालचा, म्हणजे बोरघाटातली रेल्वे सुरू व्हायच्याही आधीचा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पाच नव्या विधेयकांची मंजुरी पूर्ण झाली.

बिल ऑफ लेडिंग कायदा १८५६ च्या कायद्याच्या जागी आला. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीनं माल मिळाल्याची दिलेली पावती. ज्याच्या हातात हा कागद, मालावर त्याचा हक्क. निर्यात करणाऱ्या शेतकरी कंपनीनं पैसे मिळण्याआधी हा मूळ कागद हातातून सोडला तर माल गेला आणि पैसेही अडकले, असं होऊ शकतं.

समुद्रमार्गे माल वाहतूक कायदा १९२५ च्या कायद्याऐवजी आला. वाटेत माल खराब झाला, हरवला तर जहाज कंपनीची जबाबदारी किती, हे तो ठरवतो.

व्यापारी नौवहन कायदा १९५८ च्या कायद्याच्या जागी आहे. जहाजांची नोंदणी, खलाशांचे हक्क, अपघात, प्रदूषण, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा काढणं हे त्यात येतं.

किनारी नौवहन कायदा देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. परदेशी जहाजाला अशी वाहतूक करायची तर परवाना घ्यावा लागतो.

भारतीय बंदरे कायदा १९०८ च्या कायद्याऐवजी आला. राज्यांच्या सागरी मंडळांना त्यात स्थान आहे, केंद्र आणि राज्यांची एकत्र परिषद आहे, आणि प्रदूषण व आपत्तीसाठी प्रत्येक बंदराला आराखडा करावा लागणार आहे.

जहाजं आपली का नाहीत?

देशाचा परदेशी व्यापार वजनाच्या हिशोबानं सुमारे ९५ टक्के समुद्रातून चालतो. पण तो वाहणारी जहाजं मात्र बहुतेक परक्यांची. २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी सांगितलं, की पन्नास वर्षांपूर्वी ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून व्हायचा, आता तो ५ टक्क्यांवर आला आहे आणि देश दरवर्षी सुमारे ६ लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांना भाड्यापोटी देतो.

त्यानंतर चारच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मंत्रिमंडळानं जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात २४,७३६ कोटी जहाज बांधणाऱ्यांना मदत म्हणून, २५,००० कोटी कर्ज आणि भांडवलाच्या निधीसाठी आणि १९,९८९ कोटी नव्या जहाजबांधणी क्षेत्रांसाठी आहेत. मदतीची मुदत ३१ मार्च २०३६ पर्यंत आहे.

जहाज बांधणं म्हणजे नुसतं गोदीतलं वेल्डिंग नव्हे. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, केबल, इंजिनाचे भाग लागतात. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव पट्ट्यातले कारखाने असलीच कामं करतात. ऑर्डर किती येतील हे पुढं दिसेल, पण आयटीआय झालेल्या वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियननं या क्षेत्राकडे लक्ष ठेवावं.

तळेगावच्या मोटारींचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यानं २०१७ नंतर देशातली विक्री थांबवली आणि तो फक्त निर्यातीवर चालला. गाड्या जहाजानं मेक्सिकोला जायच्या. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झालं आणि कामगार रस्त्यावर आले. पुढं तो कारखाना ह्युंदाईनं घेतला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. निर्यातीवर चालणारं काम बंदर जवळ असल्यानं येतं, पण परदेशातल्या एका निर्णयानं जातंही.

तांबड्या समुद्रातलं भांडण आणि आपला शेतमाल

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. त्यानंतर जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपला जायला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. भाडं वाढलं, रिकामे कंटेनर मिळेनात. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना याचा थेट फटका बसला, कारण द्राक्षाला प्रत्येक दिवस महत्त्वाचा.

मावळच्या गुलाबाचं गणित वेगळं आहे. तळेगाव, पवन मावळ परिसरातल्या पॉलिहाऊसचा गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशात जातो तो विमानानं. जहाजानं युरोपला जायला कित्येक आठवडे लागतात. केनियाच्या फूल उत्पादकांनी थंड कंटेनरमधून युरोपला फुलं पाठवायला सुरुवात केली आहे. पण त्यासाठी तोडणीपासून पोचेपर्यंत तापमान कुठंही ढळता कामा नये. विमानाचं भाडं वाढलं की आपला शेतकरी तोट्यात जातो, म्हणून हा पर्याय अभ्यासण्यासारखा आहे.

कांदा आणि तांदळाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बंदर उघडं असूनही सरकारी आदेशानं निर्यात बंद होऊ शकते. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, ४ मे २०२४ ला ४० टक्के शुल्क लावून सुरू झाली आणि शुल्क पूर्ण हटलं ते १ एप्रिल २०२५ ला. बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ ते २८ सप्टेंबर २०२४ बंद होती. मावळचा इंद्रायणी बहुतेक राज्यातच खपतो. पण बाहेर जाणारा तांदूळ देशात अडकला की बाजारातल्या सगळ्याच तांदळावर दबाव येतो.

शेतमाल साठवण आणि प्रक्रियेसाठी जेएनपीएच्या आवारात सुमारे २८४ कोटींचा प्रकल्प जाहीर झाला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी त्याची माहिती आत्तापासून घ्यावी.

समुद्रातले अपघात

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, काहींत घातक रसायनं होती. २४ जणांना वाचवण्यात आलं. डबे आणि प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्याला लागले आणि मासेमारी अडली. पंधरा दिवसांनी, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा शेव्याकडे निघालेल्या ‘वान हाय ५०३’ला आग लागली. २२ पैकी १८ जण वाचले, चौघे बेपत्ता झाले.

ज्या डब्यांतली रसायनं समुद्रात एवढा गोंधळ करतात, तसलीच रसायनं टँकरमधून घाटातूनही जातात. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला आणि चौघांचा जीव गेला. पेटतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं होतं. म्हणून टँकर उलटल्याचं दिसलं की बघायला किंवा व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नये. वाऱ्याच्या उलट दिशेला लांब जावं आणि ११२ वर कळवावं.

जमिनीची किंमत कुणी मोजली?

बंदराची गोष्ट जमिनीशिवाय पुरी होत नाही. उरण-पनवेल भागात सिडकोनं केलेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढं आलं. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्याची मागणी झाली, ती या लढ्यामुळं.

मावळाला हे वेगळं सांगायला नको. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या आंदोलनात बऊर इथं झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. बंदर वाढलं की गोदामं, कंटेनर यार्ड, ट्रक टर्मिनल यासाठी जमिनीची मागणी मावळातही वाढणार. जमीन विकण्याआधी किंवा भाडेपट्ट्यानं देण्याआधी सातबारा, फेरफार, झोन दाखला आणि कराराची मुदत नीट बघावी. इसार घेण्याआधी कागद वकिलाला दाखवावेत.

जहाजावरची नोकरी : खरं काय, खोटं काय?

देशात सध्या तीन लाखांहून जास्त खलाशी आणि अधिकारी आहेत. जगातल्या खलाशांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. पगार चांगला, म्हणून गावागावांत ‘मर्चंट नेव्ही’चे एजंट फिरतात. त्यांच्याकडून फसवणूकही तितकीच होते. म्हणून हे मुद्दे पाठच करावेत.

अधिकारी व्हायचं असेल तर बारावी सायन्सला भौतिक, रसायन, गणित हे विषय आणि त्यांत ६० टक्के गुण लागतात. दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. भारतीय सागरी विद्यापीठाची आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डेकसाठी आणि इंजिनासाठी वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. मुलींनाही प्रवेश आहे.

खलाशी म्हणजे जीपी रेटिंगसाठी दहावी पास पुरतं. प्रशिक्षण सहा महिन्यांचं असतं. गुणांची आणि वयाची अट भरण्याआधी जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासावी.

डोळे आधी तपासून घ्यावेत. रंग ओळखता आले नाहीत तर डेकवर घेत नाहीत. फी भरल्यावर हे कळलं तर पैसे बुडतात. तपासणी डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच चालते.

संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे डीजी शिपिंगच्या यादीत बघावं. भिंतीवर जहाजाचा फोटो आणि पांढरा गणवेश असला म्हणून संस्था खरी ठरत नाही.

नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारक कंपनीला नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही. नियम साधा आहे : जहाजावर चढवण्यासाठी कुणी लाख-दोन लाख मागितले, तर तिथंच थांबावं.

पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर कागद करू, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. निघण्याआधी सीडीसी म्हणजे खलाशाची ओळखपुस्तिका, इंडॉस नंबर, जहाजाचं नाव, कंपनीचं नाव आणि सही झालेला करार हातात हवा. त्याची एक प्रत घरी ठेवावी.

हे सांगायचं कारण गंभीर आहे. काही जहाज मालक पगार न देता, अन्नपाणी न पुरवता जहाज आणि माणसं परक्या बंदरात सोडून देतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीत २०२४ मध्ये असे वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सगळ्यात जास्त भारतीय होते. दोन महिने पगार थकला तर आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे खलाशाला ‘सोडून दिलेला’ मानतात. अशा वेळी जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळवता येतो. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. घरच्यांनी दोन महिने थांबून न राहता पहिला पगार चुकताच डीजी शिपिंगकडे लेखी तक्रार करावी.

नेहमी कानावर पडणारे शब्द

रीफर : थंड कंटेनर. फळं, भाजी, मांस, औषधं यासाठी. याला सतत वीज लागते.

सीएफएस : बंदराजवळचं गोदाम, जिथं कंटेनर उघडून माल काढतात किंवा भरतात.

डिमरेज : ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ डबा बंदरात राहिला तर लागणारा दंड.

फीडर : छोट्या बंदरातून मोठ्या बंदरात डबे नेणारं लहान जहाज.

ड्राफ्ट : जहाज पाण्याखाली किती खोल बसतं ते माप.

कस्टम हाऊस एजंट : आयात-निर्यातीचे कागद करून देणारा परवानाधारक. पहिल्यांदा माल पाठवणाऱ्या शेतकरी कंपनीला याची मदत होते. परवाना क्रमांक विचारूनच काम द्यावं.